बारा बार कुणाचेच नाहीत

आमचा चौघांचा हौशी बँड आहे. गिटार, ड्रम, गळा आणि बेस. बेस माझ्याकडे, म्हणजे ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं ते वाद्य. मध्यंतरी एका छोट्या कार्यक्रमात आम्ही एक जुना संथ ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातलं गाणं, वाजवला. तो बरा जमला, एका मित्राने मोबाइलवर टिपलाही होता, म्हणून घरी येऊन नेटवर चढवला. पाच मिनिटांत निरोप आला की या व्हिडिओतल्या गाण्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हक्क आहे. ड्रमर भडकला. "अरे, वाजवलं आपण, गायलं आपण, घाम आपला. यात दुसऱ्याचं काय आहे?"

त्याचा प्रश्न रास्त होता आणि निरोपही बरोबर होता. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, ते समजायला गाण्याचे थर कांद्यासारखे सोलावे लागतात. तळाशी साचा असतो, तो कुणाचाच नसतो. त्यावर गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. ते कुणाचं तरी असतं. आणि सगळ्यात वर त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग, ते वाजवणाऱ्यांचं आणि टिपणाऱ्याचं. इतर संगीतात हे थर बऱ्यापैकी सुटे दिसतात. ब्लूजमध्ये ते एकमेकांत मुरलेले असतात, म्हणून घोळ होतो.

साचा

ब्लूजचं नेहमीचं आवर्तन बारा बारांचं असतं. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रांचं चक्र. कॉर्ड (म्हणजे एकदम वाजवायचे काही सूर) तीनच : एक षड्जावरची, एक मध्यमावरची, एक पंचमावरची. पहिले चार बार षड्जावर काढायचे, मग दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर. नवव्या बारला पंचम, दहाव्याला मध्यम, अकराव्याला घरी परत, आणि बाराव्याला पुन्हा पंचम. हा शेवटचा पंचम कानाला असा ओढतो की पुढच्या समेवर आल्याशिवाय चैन पडत नाही. अकराव्या-बाराव्या बारांच्या या वळणाला वादक टर्नअराउंड म्हणतात. गिटारवाले बहुधा ई किंवा ए पट्टी धरतात, कारण तिथे मोकळ्या तारा आयत्या मिळतात. ई पट्टीत या तीन कॉर्ड म्हणजे ई, ए आणि बी.

शब्दही याच चौकटीत बसतात. पहिली ओळ पहिल्या चार बारांत येते. पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा येते, पण आता खालची कॉर्ड बदललेली असते, त्यामुळे तीच तक्रार जास्त खोलातून आल्यासारखी वाटते. शेवटच्या चार बारांतली ओळ त्या तक्रारीचा निकाल लावते. आणि गाणारा चार बार भरून गात नाही. साधारण दोन बारांत ओळ संपवतो आणि उरलेल्या दोन बारांत गिटार किंवा हार्मोनिका त्याला जवाब देते. नवशिके गिटारवाले इथेच चुकतात. गाणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत जवाब द्यायला घेतात.

मग ते सूर. ब्लूजचा गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध. दोघांच्या मधल्या फटीत कुठेतरी तो राहतो. पियानोला त्या फटीत पट्टीच नाही, म्हणून पियानोवाला कोमल गंधारावरून शुद्धावर घसरतो किंवा दोन्ही पट्ट्या एकदम चेपतो. गिटारवाला तार ओढून तिथवर पोचतो. मींड ऐकत वाढलेल्या कानाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. शिवाय तिन्ही कॉर्डमध्ये त्यांचा त्यांचा कोमल निषाद मिसळलेला असतो, त्यामुळे घरी आल्यावरसुद्धा पूर्ण विसावल्यासारखं वाटत नाही.

हे सगळं, म्हणजे बारा बार, तीन कॉर्ड, झुलती शफल लय, टर्नअराउंड, सवाल-जवाब, यातलं काहीही कुणाच्या मालकीचं नाही. म्हणून तर एकमेकांना कधीही न भेटलेले चार वादक "ई मध्ये, संथ, पंचमावरून उचलू" एवढ्या बोलण्यावर दहा मिनिटं वाजवू शकतात. या साच्यावर तुम्ही स्वतःचे शब्द आणि स्वतःची चाल बांधलीत, तर ते गाणं तुमचं.

गाणं कुणाचं

ब्लूज हे मुळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं तोंडी चालत आलेलं संगीत. जात्यावरच्या ओवीचा कर्ता कोण हे जसं कुणी विचारत नाही, तशाच यातल्या कितीतरी ओळी या गाण्यातून त्या गाण्यात फिरत असायच्या. मग छपाई आली. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ मध्ये 'मेम्फिस ब्लूज' आणि १९१४ मध्ये 'सेंट लुइस ब्लूज' छापून प्रसिद्ध केलं. १९२० मध्ये मेमी स्मिथ यांची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी आली, ती तुफान खपली आणि कंपन्यांना या संगीतात पैसा दिसला. पैसा दिसला की कागद येतो आणि कागदावर नाव लागतं. तोवर वाऱ्यावर असलेलं गाणं कुणाच्या तरी नावावर चढतं. ते नाव दर वेळी योग्य माणसाचं होतं, असं म्हणायला मी धजणार नाही.

आपण ज्याला 'ओरिजिनल' समजतो, ते पुष्कळदा स्वतःच कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा केलेलं असतं. 'द थ्रिल इज गॉन' म्हटलं की बी. बी. किंग डोळ्यांसमोर येतात. पण ते गाणं रॉय हॉकिन्स यांनी १९५१ मध्ये काढलं होतं, किंग यांचं रेकॉर्डिंग १९६९ चं. तुमचा बँड किंग यांच्यासारखं वाजवतो आणि वर्णनात 'बी. बी. किंग यांचं गाणं' असं लिहितो. गाण्याच्या श्रेयात मात्र हॉकिन्स आणि रिक डार्नेल यांची नावं येतात.

साचा कुठे संपतो आणि गाणं कुठे सुरू होतं, हे मोठ्या बँडनाही कळलेलं नाही, किंवा कळूनही त्यांनी कानाडोळा केला. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या 'होल लॉटा लव्ह'मधले शब्द विली डिक्सन यांनी लिहिलेल्या आणि मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायलेल्या गाण्याशी फारच मिळतेजुळते होते. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं. तिथे भांडण कॉर्डवरून नव्हतं, शब्दांवरून होतं.

याहून मजेशीर भानगड ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यांची. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमधल्या दोन सत्रांत त्यांनी २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मध्ये २७ व्या वर्षी ते गेले. पुढे रोलिंग स्टोन्सनी त्यातली दोन गाणी घेतली. ती कुणाची यावर खटला झाला. एका बाजूचं म्हणणं असं की तबकड्या तीसच्या दशकातच हक्काची नोंद न करता विकल्या गेल्या, तेव्हा गाणी केव्हाच सार्वजनिक झाली. २००० मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने ते फेटाळलं. १९७८ पूर्वी तबकडी विकणं म्हणजे गाणं 'प्रकाशित करणं' नव्हे, म्हणून हक्क शाबूत आहेत, असा निकाल लागला. 'जुनं आहे म्हणजे फुकट आहे' असं जो कोणी छातीठोकपणे सांगेल, त्याला हा खटला ऐकवावा.

जुनं गाणं कधीतरी मोकळं होतंच, पण हिशोबाने. आणि तो हिशोब दोन थरांसाठी वेगवेगळा असतो. 'सेंट लुइस ब्लूज' हे गाणं म्हणून अमेरिकेत केव्हाच मोकळं झालंय, ते कुणीही वाजवावं. पण बेसी स्मिथ यांनी १९२५ मध्ये लुई आर्मस्ट्राँग यांना कॉर्नेटवर घेऊन त्याचं जे रेकॉर्डिंग केलं, ते तिथल्या कायद्याने शंभर वर्षं बांधलेलं होतं आणि २०२६ उजाडल्यावर मोकळं झालं. गाणं तेच, पण कुलपं दोन. तुम्ही कव्हर करता तेव्हा तुमचा संबंध फक्त पहिल्या कुलपाशी असतो. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा तुमच्या फाइलमध्ये आला, तरच दुसरं कुलूप.

कव्हर करण्याची मुभा आली कुठून, याचीही एक गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो घरोघरी आले. संगीतकार म्हणाले, ही आमच्या गाण्याची प्रत आहे, पैसे द्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये सांगितलं की भोकं माणसाला वाचता येत नाहीत, सबब ही प्रत नाही. दुसऱ्याच वर्षी संसदेने कायदा केला : गाणं एकदा मालकाच्या संमतीने यांत्रिक स्वरूपात बाहेर आलं की पुढे कुणीही ते आपल्या पद्धतीने करू शकेल, मालकाला अडवता येणार नाही, मात्र प्रत्येक प्रतीमागे २ सेंट द्यावे लागतील. हा दर १९७७ पर्यंत तसाच राहिला. २००६ ते २०२२ या काळात तो ९.१ सेंट होता, किंवा गाणं पाच मिनिटांवर गेलं तर मिनिटाला १.७५ सेंट. म्हणजे लांबलचक सोलो घेणाऱ्या गिटारवाल्याचा बँडला खर्च पडतो, हे कायद्यातच लिहिलेलं आहे! २०२३ मध्ये दर १२ सेंटवर गेला आणि तेव्हापासून महागाईबरोबर सरकतो.

या मुभेत गाणं आपल्या शैलीत बसवून घेता येतं. मूळ चाल आणि स्वभाव मात्र बदलता येत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकन कायद्यात जुन्या रेकॉर्डिंगची हुबेहूब नक्कल स्वतः वाजवून केली, तर रेकॉर्डिंगच्या मालकाला तक्रारीला जागा नाही. त्याचा हक्क त्या ध्वनिमुद्रणापुरता, तसं वाजवण्यावर नाही.

पण ही सगळी सोय फक्त आवाजाची. चित्राला गाणं जोडलं की ती मुभा संपते आणि गाण्याच्या मालकाची वेगळी संमती लागते. अमेरिकेत सभागृहाने आस्कॅप (स्थापना १९१४) किंवा बीएमआय (१९३९) यांसारख्या संस्थांचा परवाना घेतलेला असतो, तोही त्या संध्याकाळच्या वाजवण्यापुरता. व्हिडिओ त्यात येत नाही. मग नेटवर इतके कव्हर व्हिडिओ कसे टिकून आहेत? कारण मोठ्या साइटनी गाण्यांच्या प्रकाशकांशी परस्पर करार केलेले आहेत आणि कोणतं गाणं कुणाचं ते ओळखायला यंत्र बसवलंय. यूट्यूबचं कंटेंट आयडी २००७ पासून आहे. मालक आपल्या फाइल त्यात ठेवतात, तुमचा व्हिडिओ त्यांच्याशी ताडून पाहिला जातो आणि जुळलं तर मालकाने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे केलं जातं : व्हिडिओ अडवायचा, त्यावरच्या जाहिरातीचे पैसे घ्यायचे, किंवा नुसती नोंद ठेवायची. यालाच दावा म्हणतात. तो गुन्हा नव्हे. मालकाने कायदेशीर नोटीस देऊन व्हिडिओ काढायला लावला तर जो शेरा बसतो, तो वेगळा. तसे तीन शेरे ९० दिवसांत बसले तर चॅनल जाऊ शकतो.

दावा आला की तावातावाने 'मान्य नाही' दाबू नका. तो कशावर आहे ते आधी वाचा. गाण्याच्या चालीवर आणि शब्दांवर असेल, तर तो बरोबर आहे. आमचा तसाच होता. पण 'अमुक कंपनीचं रेकॉर्डिंग तुम्ही वापरलंय' असं म्हणणं असेल आणि तुम्ही प्रत्येक सूर स्वतः वाजवलेला असेल, तर यंत्राची गल्लत झालीय आणि हरकत घ्यायला तुमची बाजू भक्कम आहे. देशागणिक कायद्याचा तपशील बदलतो, गाणं आणि रेकॉर्डिंग हे दोन वेगळे हक्क असतात हे मात्र जवळपास सगळीकडे सारखंच.

राहिलं आपलंच घर. बँडमधल्या चौघांनाही विचारा. ज्या मित्राने व्हिडिओ काढला, त्यालाही. आमच्या गायिकेला तिसऱ्या कडव्यातला एक सूर खटकत होता आणि आम्ही न विचारता चढवून मोकळे झालो होतो. पुढे दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. कायद्यापेक्षा हे जास्त झोंबलं.

जे आपलं आहे ते नीट ऐकू येऊ दे

आता सगळ्यात वरचा थर, रेकॉर्डिंग. हाच तुमच्या हक्काचा आणि हाच हौशी मंडळी सगळ्यात हलगर्जीपणे करतात.

आमच्या पहिल्या व्हिडिओत काय झालं ते सांगतो. गाणं नुसत्या गिटारने हळूच सुरू होतं. मोबाइलला वाटलं आवाज कमी आहे, त्याने आपणहून गेन (माइकचा आवाज किती मोठा करून टिपायचा ते माप) वाढवला, तसा पंख्याचा घोंघाट आणि कुणाच्या तरी खुर्चीची करकर मोठी झाली. पाचव्या बारला ड्रमरने स्नेअरवर पहिला दणका दिला. मोबाइल दचकला आणि गेन झटकन खाली आणला. त्यासरशी गायिकेचा आवाज विहिरीत पडल्यासारखा झाला आणि सेकंदभरात हळूहळू वर आला. मग पुढचा दणका. आठ मिनिटं आवाज असा श्वास लागल्यासारखा वर-खाली होत राहिला. सभागृहात हे काहीच नव्हतं. आपला कान गोंगाटातून हवं ते वेचून घेतो, फोनला ते जमत नाही.

उपाय साधा आहे : हाताने गेन ठरवू देणारं रेकॉर्डिंग ॲप किंवा छोटा रेकॉर्डर घ्यायचा आणि आपोआप गेन बदलणारी सोय बंद करायची. बँडला त्यांचं सगळ्यात दणदणीत कडवं वाजवायला लावायचं आणि काटा शून्याच्या, म्हणजे यंत्राच्या कमाल मर्यादेच्या, दहा-बारा डेसिबल खाली राहील असं बसवायचं. तालमीत हळू वाजवणारे कार्यक्रमात नेहमी जोरात वाजवतात, त्यासाठी ही जागा सोडायची. शून्याला धडकून फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही.

यंत्राइतकीच जागाही महत्त्वाची. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. खोलीत मात्र भिंतींवरून परतणारा आवाज कोपऱ्या-कोपऱ्यात जवळपास तेवढाच असतो. त्यामुळे रेकॉर्डर मागे नेला की बँड कमी आणि खोलीच जास्त टिपली जाते. फार पुढे, ड्रमच्या कुशीत ठेवला, तर झांजांशिवाय काही उरत नाही. बँडसमोर थोड्या अंतरावर, कानाच्या उंचीला, भिंतीपासून दूर अशी जागा बहुतेक वेळा बरी पडते.

मग कुणीतरी शहाणा सुचवतो की मिक्सरमधूनच सरळ आवाज घेऊ. घ्या, पण ऐकून दचकाल. छोट्या सभागृहात ड्रम आणि गिटारचा ॲम्प स्वतःच इतका वाजतो की त्यांना स्पीकरमध्ये घालायची गरज नसते. मिक्सरमधून जातो तो मुख्यतः गळा. म्हणून त्या फाइलमध्ये गाणारा कानाशी येऊन गातो आणि ड्रम शेजारच्या घरातून ऐकू येतात. खरं काम होतं ते दोन्ही एकत्र केल्यावर, गळा मिक्सरमधून आणि बाकीचं खोलीतल्या माइकवरून. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरवरच्या माइकपाशी तो जवळजवळ २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. माइकची फाइल तेवढी आधी सरकवायची. ओळखायला सोपं जावं म्हणून ड्रमरने सुरुवातीला काठीवर काठी एकदा आपटायची आणि त्या टोकाशी टोक जुळवायचं. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, तेव्हा लांब गाण्याच्या शेवटीही एकदा तपासा.

टाळ्या, शिट्ट्या, मधूनच येणारी हाक पुसून टाकायच्या भानगडीत पडू नका. बी. बी. किंग यांचा 'लाइव्ह ॲट द रीगल' हा अल्बम नोव्हेंबर १९६४ मध्ये शिकागोत रेकॉर्ड झाला. त्यात श्रोत्यांचा आरडाओरडा वगळला तर निम्मा अर्थ जाईल. ते लोक जवाब देतायत.

आवाज दाबून-चेपून मोठा करायचाही मोह होतो. त्यात फायदा नाही. मोठ्या साइट सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं माप) या पातळीच्या आसपास आणून ऐकवतात. त्याहून मोठं असेल ते खाली ओढतात. म्हणजे हळू कडवं आणि दणकेबाज सोलो यांतला फरक तुम्ही मारून टाकायचा आणि बदल्यात जास्त आवाजही मिळायचा नाही. संथ ब्लूजमध्ये तर तो फरक हाच सगळा जीव.

आम्ही पुढच्या कार्यक्रमात हे सगळं केलं. दावा आलाच, आम्ही तो राहू दिला, आणि वर्णनात गाणं कुणी लिहिलं, आम्ही कुणाच्या पद्धतीने वाजवतो आणि कोण काय वाजवतंय ते लिहून टाकलं. गायिकेने ऐकून होकार दिला. मग ड्रमरने मोबाइलवर लावलं आणि विचारलं, "बेस कुठाय?"

बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला कंप पावते. मोबाइलच्या बोटभर स्पीकरला तो सूर काढताच येत नाही. मेंदू वरच्या उपसुरांवरून तो ओळखून घेऊ शकतो, पण ते उपसूर तरी ऐकू यायला हवेत. म्हणून मिक्स करताना बेसला किंचित फाटका, खरखरीत बाज दिला, म्हणजे वरचे सूर पुढे आले. आता मोबाइलवरही मी आहे. टर्नअराउंडला तर नक्कीच.